प्रदक्षिणेची वाट आणि आपली मुले

'गिरनारला जाऊन येणे' या शब्दांचा अर्थ बडोद्याच्या मराठी घरांतून गेल्या काही वर्षांत पालटला आहे. दत्तगुरूंच्या पादुकांच्या दर्शनासाठी सुमारे १०,००० पायऱ्या चढायच्या, त्यासाठी पहाटेच्या अंधारात काठी टेकत निघायचे आणि घरी परतल्यावर दोन दिवस पोटऱ्या चोळत बसायचे, हा आमच्या वडीलधाऱ्यांचा गिरनार होता. २४ ऑक्टोबर २०२० रोजी तेथील रोपवे सुरू झाला आणि अंबाजीच्या मंदिरापर्यंतचा चढ काही मिनिटांवर आला. आपल्या जवळच्या पावागडावर ही सोय १९८६ पासून आहेच. गुडघे झिजलेल्या आजींना आणि हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांना या सोयीने जे समाधान दिले, त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. कित्येक ज्येष्ठांना ती वापरण्याचा सल्ला मी स्वतः दिला आहे.

परंतु मी मुलांचा डॉक्टर आहे आणि माझा प्रश्न निराळा आहे. आजींसाठी आलेल्या पाळण्यात बारा वर्षांचा निरोगी नातूही बसतो, वर पोचतो, छायाचित्र काढतो आणि खाली येतो. निजामपुऱ्यातील माझ्या दवाखान्यात अशा एका मुलाला मी विचारले, "काय रे, गिरनार कसा आहे?" त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले, "वरून छान दिसतं." डोंगर कसा आहे हे त्याला सांगता आले नाही, कारण डोंगर त्याला भेटलाच नव्हता.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. मुलाला डोंगराच्या माथ्यावर पोचवण्याची घाई करण्यापेक्षा त्याला डोंगराभोवती चालवावे. आणि ती वाट त्याच्यासाठी निर्धोक करण्याचे काम आपण डॉक्टरांनी अंगावर घ्यावे. 'नेऊ नका' असे सांगून मोकळे होणे सोपे आहे, पण तो वैद्यकीय सल्ला पुरेसा आहे असे मला वाटत नाही.

डोंगराला प्रदक्षिणा घालण्याची रीत आपल्याला परकी नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी घालण्यासाठी लोटणारी गर्दी नाशिककडच्या घरांतून इकडे आलेल्या अनेकांना ठाऊक असेल. ज्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते तो सारा काळ्या पाषाणाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेला डोंगर आहे. गुजरातेत तोच मान गिरनारच्या 'लीली परिक्रमे'ला आहे. आपल्यातील पुष्कळ मंडळी या नावाचा संबंध देवाच्या लीलेशी जोडतात. वस्तुतः गुजरातीत 'लीली' म्हणजे हिरवी. पावसाळा सरून रान अजून हिरवे असते अशा दिवसांतली ही फेरी. कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे पंढरपुरी कार्तिकीचा सोहळा भरतो त्याच तिथीला, ती सुरू होते आणि पौर्णिमेला संपते. भवनाथच्या तळातून निघायचे, झीणाबावाची मढी, माळवेला आणि बोरदेवी हे मुक्काम करीत पुन्हा भवनाथला यायचे. एकूण अंतर सुमारे ३६ किलोमीटर. वाटेत इटवा, माळवेला आणि नळपाणी अशा तीन 'घोड्या' लागतात. घोडी म्हणजे डोंगराच्या सोंडेवरून पलीकडे उतरणारा खडा चढउतार. या संपूर्ण वाटेवर गिरनारचे शिखर आपल्या एकाच हाताला राहते, पण दर कोसाला त्याचा चेहरा बदलतो. पायऱ्या चढणाऱ्याला हा डोंगर एकाच बाजूने दिसतो, तर पाळण्यात बसणाऱ्याला तो केवळ पायाखालून सरकतो.

आता हा डोंगर मुळात आहे तरी काय, हे पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात पृथ्वीच्या पोटातून लाव्ह्याचे लोट बाहेर पडले आणि थरावर थर चढत दख्खनचे पठार तयार झाले. आजही या काळ्या कातळाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. सह्याद्री, अजिंठ्याची लेणी, देवगिरीचा किल्ला, आपला पावागड आणि सौराष्ट्राचा मोठा भाग हे सर्व त्याच एका घटनेचे अवशेष आहेत. गिरनारची गोष्ट मात्र थोडी वेगळी. त्या पर्वाच्या अखेरीस वर येऊ पाहणारा तप्त रस येथे बाहेर न पडता आधीच्या बेसॉल्टच्या थरांमध्ये घुसून तेथेच सावकाश थिजला. पुढे लक्षावधी वर्षांच्या ऊनपावसाने वरचे आवरण झिजत गेले आणि आतला कठीण गाभा उघडा पडला. तोच आजचा गिरनार. मधोमध उंच गाभा आणि त्याच्याभोवती टेकड्यांचे कडे, अशी ही वर्तुळाकार रचना उपग्रहाने घेतलेल्या चित्रांत स्पष्ट दिसते. तेव्हा या डोंगराभोवती फेरी घालणारा यात्रिक, त्याला ठाऊक असो वा नसो, एका विझलेल्या भट्टीभोवती चालत असतो.

हे मुलांना समजावणे मुळीच अवघड नाही. साखरेचा पाक सावकाश निवू दिला तर खडीसाखरेचे टपोरे खडे होतात आणि भराभर घोटला तर दाणा बारीक राहतो, हे आपल्या स्वयंपाकघरातले ज्ञान. जमिनीवर येऊन झटपट थंड झालेल्या बेसॉल्टचा कण डोळ्यांना दिसत नाही. खोलवर सावकाश थिजलेल्या गिरनारच्या डायोराइटमध्ये काळे-पांढरे कण नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. पावागडाच्या खालच्या भागात काळ्या बेसॉल्टचे थर आहेत, तर माथ्याकडे रायोलाइट नावाचा फिकट रंगाचा खडक आहे. एकाच डोंगरात लाव्ह्याचे इतके निरनिराळे प्रकार आढळतात म्हणून १९०६ सालीच फर्मॉर या भूवैज्ञानिकाने पावागडाच्या लाव्ह्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. बडोद्याची मुले गाळाच्या मातीवर वाढतात. फरशी आणि खडी यांपलीकडे त्यांच्या पायांना दगड माहीत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरातील वस्त्यांमध्ये शिरले ते या मुलांनी पाहिले आहे, नदीतल्या मगरींच्या गोष्टी तर ती रंगवून सांगतात. पण ही नदी पावागडाच्या डोंगरात उगम पावते, हे त्यांतल्या किती जणांना सांगता येईल? आपल्या दारात येणारे पाणी ज्या डोंगरावरून येते त्याच्या पायथ्याशी एकदा तरी पायी हिंडावे, एवढी अपेक्षा फार नसावी.

वैद्यक म्हणून मला या चालण्याचे महत्त्व आणखी एका अंगाने वाटते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दमदार हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीनमधील ग्वांगजौ शहरात पहिलीच्या मुलांवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. काही शाळांत रोज ४० मिनिटे जादा वेळ मुलांना उघड्यावर ठेवले गेले. तीन वर्षांनंतर त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी जडली होती, तर इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ३९.५ टक्के होते. त्यासाठी कोणतेही औषध वापरलेले नव्हते. उघडे आकाश आणि लांबवर पोचणारी नजर एवढेच साधन होते. दवाखान्यात बसून मला रोज जे दिसते ते या आकड्यांशी जुळणारे आहे. शाळा, शिकवणी, रिक्षा आणि मोबाइल यांच्यामध्ये मुलांचे पाय कोठे उरलेलेच नाहीत. वजन वाढले म्हणून, डोके दुखते म्हणून, झोप लागत नाही म्हणून मुले आणली जातात आणि प्रत्येक तक्रारीसाठी पालकांना एक गोळी हवी असते.

त्याउपर, गोल वाटेचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम शिखराच्या वाटेहून वेगळा असतो, असे मी परिक्रमेत चालताना पाहिले आहे. शिखराच्या वाटेवर पहिला कोण आणि दमला कोण, हे लगेच ठरते. एकदा वर पोचले की उतार हे ओझे वाटते. प्रदक्षिणेत जिंकण्याजोगे टोकच नाही. चमूतल्या सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच सर्वांचा वेग. निम्मी वाट सरल्यावर 'परत जाऊ या' या हट्टालाही अर्थ उरत नाही, कारण पुढे गेले काय अन् मागे फिरले काय, अंतर सारखेच असते. हे गणित स्वतःच्या पायांनी उमगलेले मूल रडणे थांबवून चालू लागते. परीक्षेच्या निकालाला भिणाऱ्या मुलांना सांगण्यासारखी गोष्ट पुस्तकाबाहेर कोठे असेल तर ती येथे आहे.

इथवर वाचून माझे व्यवसायबंधू म्हणतील, "हे सारे ठीक, पण धोक्याचे काय?" हा आक्षेप अगदी योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला मान्य नाही. २०२३ च्या परिक्रमेत बोरदेवीच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात एका लहान मुलीचा मृत्यू झाला. अलीकडच्या वर्षांत परिक्रमेच्या वाटेवर हृदयविकाराच्या झटक्याने यात्रिक दगावल्याच्या बातम्याही आपण वाचतो. लक्षावधी माणसे चार-पाच दिवसांत एका अरुंद रानवाटेवर येतात. हे रान २००८ पासून अभयारण्य आहे, सिंह आणि बिबट्या यांचे ते घर आहे आणि आपण तेथे थोड्या दिवसांचे पाहुणे आहोत. त्या घटनेनंतर मला कित्येक आईवडिलांनी विचारले, "डॉक्टर, मुलांना न्यायचं की नाही?" माझ्या परिचयातील बहुतेक डॉक्टरांचे उत्तर एका शब्दाचे होते: नको.

या संदर्भात मला ब्रह्मगिरीची परंपरेने चालत आलेली एक कथा नेहमी आठवते. विठ्ठलपंत आपल्या लेकरांना घेऊन ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालीत असता वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि थोरला निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. तेथे त्याला गहिनीनाथ भेटले आणि पुढचा इतिहास आपण जाणतो. भाविक या कथेत गुरुकृपा पाहतात. मी बालरोगतज्ज्ञ असल्यामुळे माझे लक्ष दुसरीकडे जाते. निवृत्ती परत येईपर्यंत त्या आईवडिलांनी काय सोसले असेल, ते कोणी सांगत नाही. 'देव राखतो' असे म्हणून चार वर्षांचे मूल खांद्यावर घेऊन मध्यरात्री रानात शिरणारे बाबा मी पाहिले आहेत, आणि एका बातमीने घाबरून मुलाला सोसायटीच्या बागेतही एकटे न सोडणारी आईही पाहिली आहे. दोघांचेही प्रेम खरे आहे, पण त्या मुलाची तयारी किती आहे हे दोघांपैकी कोणीच पाहिलेले नसते. ती तयारी पाहणे आणि करवून घेणे हे माझ्या मते आपले काम आहे.

म्हणून अनुभवाने ठरलेले माझे काही आडाखे येथे देतो. आठ वर्षांखालील मुलांना परिक्रमेच्या गर्दीत नेऊ नये. त्यांच्यासाठी पावागडाचा पायथा आणि चांपानेर पुरेसे आहे. २००४ पासून जागतिक वारसा असलेल्या त्या परिसरात जुन्या वास्तूंमधून चार-पाच किलोमीटरची फेरी सहज होते. आठ ते बारा वयाच्या मुलांनी अटक दरवाजातून माचीकडे जाणारी जुनी वाट चढून-उतरून पाहावी. अशा चार-सहा रविवारच्या फेऱ्या झालेल्या आणि दिवसाला १५ किलोमीटर हसतखेळत चालणाऱ्या बारा वर्षांपुढील मुलाला मी गिरनारच्या परिक्रमेची परवानगी आनंदाने देतो. मात्र ती दोन वा तीन दिवसांत, केवळ उजेडी आणि मोठ्यांच्या घोळक्यात. मूल नेहमी दोन प्रौढांच्या मध्ये चालावे. शौचासाठीसुद्धा त्याने एकट्याने झाडीत जाऊ नये. पाठीवरचे ओझे त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे. बूट नवे नसावेत, निदान महिनाभर पायांत रुळलेले असावेत. तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट पाणी पाजावे आणि जलसंजीवनीची पाकिटे पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवावीत. सरबतासारखी अंदाजाने घट्ट-पातळ करू नयेत. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्याच खिशात हवा, मागून येणाऱ्या काकांच्या पिशवीत नव्हे. फिट्स, सिकलसेल किंवा हृदयाचा जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नये.

मुलांच्या बरोबरीने त्यांना नेणाऱ्यांचीही तपासणी व्हायला हवी. वर्षभर दुकानाच्या वा दवाखान्याच्या खुर्चीत बसलेला पन्नाशीचा गृहस्थ एकादशीच्या उपवासावर घोडी चढू लागतो, तेव्हा धोका मुलाहून त्याला अधिक असतो. आणि तो कोसळला तर रानात ते मूल निराधार होते. रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्यांनी औषधे न चुकवता घ्यावीत, उपवास हलका ठेवावा, आणि चढावर छातीत दडपण आले तर ते पित्त आहे असे स्वतःच ठरवू नये.

आता थोडे आपल्याविषयी. जुनागढहून भवनाथकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोकाचे १४ शिलालेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. पुढे सुमारे इसवी सन १५० मध्ये रुद्रदामनाने आणि पाचव्या शतकात स्कंदगुप्ताच्या काळात सुदर्शन तलावाच्या बांधाच्या दुरुस्तीची हकीकत त्याच शिळेवर कोरली गेली. यात्रिकांच्या गाड्या तिच्यावरून सहसा न थांबता पुढे जातात. डॉक्टरांनी तरी थांबावे, कारण अशोकाच्या दुसऱ्या लेखाचा आशय आपल्या व्यवसायाशी थेट जुळणारा आहे. माणसांच्या आणि पशूंच्या अशा दोन्ही चिकित्सांची सोय केली, औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणून लावल्या, वाटांवर विहिरी खोदल्या आणि झाडे लावली, असे तो राजा सांगतो. चिकित्सा, पाणी आणि सावली यांचा उल्लेख त्याने एकाच लेखात केला, याचे मला अप्रूप वाटते. वाटसरूला घरी बसा असे त्याने सांगितले नाही. त्याने वाट चालण्याजोगी केली. आणि त्याच्या यादीत माणसांबरोबर पशूही आहेत, हेही विसरू नये. आपण टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि उष्टे अन्न रानातल्या जनावरांच्या पोटात जाते आणि त्यांना माणसांच्या वाटेकडे ओढून आणते. मुलांना वाचवायचे तर रान स्वच्छ ठेवणे हाही उपाययोजनेचाच भाग मानला पाहिजे.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या मंडळापुढे मी एक सूचना ठेवतो. वर्षाकाठी आपण जी आरोग्य शिबिरे घेतो, त्यांतील एक शिबिर सभागृहात न घेता पावागडाच्या पायथ्याशी घ्यावे. नवरात्रात पावागडावर यात्रेकरूंची रीघ असते, म्हणून ते दिवस वगळून पावसाळ्यानंतरचे तीन-चार रविवार निवडावेत. बालरोग, अस्थिरोग आणि हृदयरोग या शाखांतील आपले सभासद मुलांबरोबर आणि त्यांच्या आजीआजोबांबरोबर झेपेल तेवढे चालतील. खडकांची ओळख करून देण्यासाठी महाराजा सयाजीराव विद्यापीठातील भूविज्ञानाच्या जाणकारांना विनंती करता येईल. यांतून जी मुले आणि पालक तयार होतील, त्यांनी वनखात्याचे नियम पाळून कार्तिकात गिरनारला जावे, आणि त्यांच्याबरोबर प्रथमोपचाराची पेटी घेऊन आपल्यापैकी दोघे-तिघे असावेत. खर्च म्हणाल तर एका बसचा आणि पोह्यांचा.

हा आग्रह मी धरतो त्यामागे एक काळजीही आहे. बडोद्यातील मराठी समाज येथे स्थिरावल्याला पिढ्या लोटल्या. आपली मुले पुढे पुण्याला, बंगळुरूला, परदेशी जातील. तो त्यांचा मार्ग आहे. परंतु ज्या भूमीवर आपण वाढलो ती कशी घडली, तेथले पाणी कोठून येते, तेथल्या रानात कोण राहते, हे जाणल्याविना निघून गेलेले मूल परत आले तरी पाहुणाच राहील. डोंगराला उजवी घालणे म्हणजे त्याला मान देणे, असे आपले पूर्वज मानीत. मुलांना ही रीत शिकवताना त्यांच्या पायांत बळ असेल, पाठीशी पाणी असेल आणि बरोबर जाणता माणूस असेल, एवढी व्यवस्था आपण डॉक्टर मंडळी निश्चितच करू शकतो. येत्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्याची सुरुवात व्हावी, ही विनंती.